मूल्यांना पासपोर्ट असतो का?

ताईची धाकटी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत जाते. परवा फोनवर सांगत होती, वर्गात मतदान करून गोष्टीचं पुस्तक निवडलं. बाई म्हणाल्या, ही लोकशाही, आपलं ब्रिटिश मूल्य. मग तिचा प्रश्न, "मावशी, भोईवाड्यात पण ब्रिटिश व्हॅल्यूज आहेत का गं?"

हसले खूप :) पण प्रश्न डोक्यातून जाईना.

ताईचं म्हणणं, एवढं काय त्यात, शिकवतात ते चांगलंच आहे ना? चांगलंच आहे. लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगळ्या धर्माच्या, श्रद्धेच्या माणसांबद्दल आदर व सहिष्णुता. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? माझं भांडण आहे ते फक्त पहिल्या शब्दाशी. ही यादी मुळात २०११ च्या दहशतवादविरोधी धोरणातली. बर्मिंगहॅमच्या शाळांवरून २०१४ मध्ये गदारोळ झाला आणि त्याच नोव्हेंबरात इंग्लंडच्या शाळांना ती मूल्यं रुजवण्याबद्दल सरकारी सूचना गेल्या. म्हणजे जन्म संशयातून. आणि मग सावळ्या पोरीला नकळत काय कळतं? की हे सगळं इथलं, तुझ्या आजीच्या घरचं नव्हे. (१९०८ साली लेख लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षं मंडालेला कोणी पाठवलं, हे त्या धड्यात असेल असं वाटत नाही. असो.)

भोईवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर परळची बीआयटी चाळ आहे. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षं बाबासाहेब तिथे राहिले. शिकले न्यूयॉर्कला आणि लंडनला. पण १९५४ मध्ये आकाशवाणीवर बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसाला परदेशी शिक्षणाचं ऋण मान्य होतं, त्यालाही मूल्यं कुणाकडून मिळाली हे नीट सांगावंसं वाटलं. भाचीलाही ते सांगता यायला हवं, नाहीतर ती आयुष्यभर स्वतःच्याच वस्तूंसाठी दुसऱ्याचे आभार मानत राहील.

आता आपल्याकडचं. १९९७ पासून आपल्या प्राथमिक शाळांत मूल्यशिक्षण आलं. दहा मूल्यं, राष्ट्रभक्ती आणि सर्वधर्मसहिष्णुतेपासून थेट वक्तशीरपणा, नीटनेटकेपणापर्यंत. माझ्या मुलाला सगळी तोंडपाठ होती. त्यात स्त्री-पुरुष समानताही होती, आणि तरी वर्ग झाडायला मुलींनाच सांगायचे! सुविचार फळ्यावर, झाडू मुलींच्या हातात. मॉनिटर कोण, तर बाई म्हणतील तो. बहुतेक पहिला नंबरवाला. मुलांना कुणी विचारलंच नाही कधी.

तिकडच्या बाईंनी निदान पुस्तक निवडायला मुलांचे हात वर करून घेतले. ताई, त्या बाईंना माझा नमस्कार सांग. शिकवलं बरोबर, फक्त 'ब्रिटिश' तेवढं गाळलं तर बरं, असंही सांग जमलं तर.