वादळाचा इशारा दिल्लीचा, डिझेलचा भुर्दंड तांडेलाला

दिल्लीत करोल बाग आणि लगतच्या जुन्या राजेंद्र नगरातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत उष्णकटिबंधीय चक्रीवादळ हा हमखास विचारला जाणारा विषय मानतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये 'फायलिन'च्या निमित्ताने वादळांना नावे कशी देतात, असे विचारले. दक्षिण चीन समुद्र, बंगालचा उपसागर आणि मेक्सिकोचे आखात एवढ्याच भागांत ती प्रामुख्याने का होतात, हा २०१४ चा प्रश्न. २०२४ मध्ये समुद्रपृष्ठाच्या वाढत्या तापमानाची पाळी आली. बीड-लातूरकडून आलेल्या मुलांनाही कोरिओलिस बल तोंडपाठ असते.

यांपैकीच कुणी उद्या रायगड किंवा सिंधुदुर्गचा जिल्हाधिकारी होईल. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्याच्याकडेच येते. करोल बागेपासून काही किलोमीटरवर, लोदी रोडच्या मौसम भवनात उत्तर हिंदी महासागरातल्या प्रत्येक वादळाचा माग काढला जातो; तिथून निघालेला इशारा मग त्याच्या टेबलावर येऊन पडेल. तेव्हा त्याला जो प्रश्न सोडवावा लागेल, तो अभ्यासिकेतल्या नोट्समध्ये सापडणार नाही. इशारा ऐकून फेरी अर्धवट टाकून परतलेल्या बोटीचा खर्च कोणी सोसायचा?

२०१४ च्या त्या प्रश्नात अरबी समुद्राचे नावही नव्हते. आज ते वगळून चालणार नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. कोकणाला ते आकडेवारीशिवायही कळले आहे. नोव्हेंबर २००९ चे 'फयान', ३ जून २०२० चे 'निसर्ग' आणि पुढच्याच मे महिन्यातले 'तौक्ते' किनारा अजून विसरलेला नाही.

या काळात अंदाज सुधारले, यात वाद नाही. निरोप पोहोचवणे मात्र बराच काळ रखडले. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी 'ओखी'चे चक्रीवादळ झाले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या अनेक बोटी कित्येक दिवसांच्या मासेमारीसाठी आधीच खोल समुद्रात गेल्या होत्या. मोबाइलचा सिग्नल किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपतो आणि व्हीएचएफ रेडिओलाही मर्यादा आहे. वादळात भरकटलेल्या ६८ बोटी ९५२ माणसांसह देवगडच्या आश्रयाला आल्या. कित्येक बोटी कुठेच लागल्या नाहीत.

त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारा देणारे 'जेमिनी' उपकरण आले, पण त्यावर उलट निरोप धाडता येत नसे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पालघरमध्ये एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ केला. त्यातून दोन्हीकडून निरोप जातात आणि बोट कुठे आहे तेही किनाऱ्यावर दिसते. निरोपाची अडचण हळूहळू सुटते आहे. खर्चाची जिथल्या तिथे आहे.

हर्णैहून साठ सागरी मैल आत गेलेल्या ट्रॉलरवर इशारा येतो: वारे ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत. ताशी सात मैलांनी बंदर गाठायला साडेआठ तास हवेत. डिझेल अर्धे जळालेले, बर्फ भरलेला, शिधा घेतलेला, खलाशांना उचल दिलेली आणि जाळ्यात अजून मुद्दलही निघालेले नाही. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे काय, हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला कुणी शिकवायला नको. तरी तो आणखी एक रात्र थांबतो, कारण परतीचा तोटा नक्की असतो आणि वादळ हुलकावणी देण्याची शक्यता असते. त्याला बेफिकीर ठरवणे सोपे आहे.

हे गणित लहान बोटींपुरतेच नाही. 'तौक्ते'चे इशारे काही दिवस आधीपासून निघत होते, तरीही २६१ माणसे असलेला पी-३०५ तराफा मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातच थांबला. १७ मे २०२१ रोजी तो बुडाला आणि सत्तरहून अधिक जीव गेले. काम बंद ठेवण्याचा खर्च तिथेही होताच.

वादळाने झालेल्या तोट्यापोटी पैसे देणे अगदीच नवे नाही. २०१९ च्या 'क्यार' आणि 'महा' वादळांनी हंगाम बुडाल्यावर राज्य सरकारने मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटींची मदत जाहीर केली, पण ती २०२० मध्ये. इतक्या उशिरा मिळणारी मदत समुद्रातल्या त्या रात्रीच्या निर्णयात काडीचाही फरक करत नाही. मासेमारीला निघण्यापूर्वीच तांडेलाला रक्कम ठाऊक हवी: इशाऱ्यानंतर ठरलेल्या वेळेत बंदरात आलात, तर डिझेल आणि बर्फाचा ठरावीक भाग पंधरा दिवसांत खात्यावर.

कोण परतला याची नोंद ट्रान्सपॉन्डर देईल. पैसे पोहोचवायलाही नवी यंत्रणा उभारायला नको. डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतोच. मात्र तो वर्षानुवर्षे थकतो, तसा हा निधी थकता कामा नये. म्हणून तो राज्याच्या आपत्ती निधीतून स्वतंत्र राखून ठेवावा.

उठसूट इशारे निघाले तर तिजोरी रिकामी होईल, ही शंका रास्त आहे. पण त्याच भीतीने 'मध्य अरबी समुद्र' असा सरसकट इशारा देण्याऐवजी हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांसमोरच्या टापूंसाठी, किती वाव पाण्यापर्यंत धोका आहे हे सांगणारा इशारा मागण्याचे कारण सरकारलाही मिळेल. आज चुकलेल्या इशाऱ्याचे बिल एकटा बोटमालक भरतो. त्यात सरकारचा वाटा आला, तर पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच हंगामात किती बोटी वेळेत वळल्या, हे ट्रान्सपॉन्डरच्या नोंदींवरून मोजता येईल.