सोप्यातला टीव्ही

दसरा-दिवाळी जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, दोन मॉडेलं बघून आलोय. दोन्ही सारखीच दिसतात. किमतीत मात्र बराच फरक आहे. कुठलं घेऊ?" लाखाच्या घरातली वस्तू, त्यामुळे विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. अशा वेळी मला हमखास आठवतो तो धारवाडच्या मावशीकडचा प्लाझ्मा टीव्ही.

प्लाझ्मा आता बाजारातून गेला. २००७ साली पायोनियर कंपनीने 'कुरो' नावाची मालिका काढली. कुरो म्हणजे जपानी भाषेत काळा. त्या टीव्हीतला काळा रंग इतका काळा असे, की अंधाऱ्या खोलीत पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळू नये. एवढा नावाजलेला माल, पण २००९ साली कंपनीने टीव्हीचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले. पॅनासोनिकने २०१३च्या अखेरीस प्लाझ्माचे उत्पादन थांबवले आणि पुढच्या वर्षी सॅमसंग, एलजी यांनीही. चित्र उत्तम, पण वजन जास्त, वीज जास्त आणि दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या एलसीडीपुढे तो मलूल दिसायचा. गिऱ्हाईक दुकानात फसते ते असे. घरी आपण काही शंभर ट्यूबलाइट लावून बसत नाही.

तर गोष्ट २०१० सालची. मावशी आमची बेळगावची, शहापूरची. दिली धारवाडला. काकांचे घर कन्नड. मुले आईशी मराठी, बाबांशी कन्नड आणि आपापसांत भांडताना दोन्ही. आपल्या वाचकांना यात काही नवल वाटायचे नाही. काका त्या वर्षी निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशांतून घरासाठी एक मोठी वस्तू घ्यायची असे ठरले. मावसभावाने प्लाझ्माचा धोशा लावला होता. हुबळीच्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले. एकाच जपानी कंपनीचे, दोन्ही ५० इंची, दोन्ही फुल एचडी. एक थ्रीडी, दुसरा बिनथ्रीडी. थ्रीडीवाल्याची काच जरा अधिक गडद, काळा रंग जरा अधिक खोल. फरक किती? जवळजवळ एका स्कूटीच्या किमतीएवढा!

आदल्याच वर्षी डिसेंबरात 'अवतार' लागला होता, त्यामुळे थ्रीडीची हवा होती. भाऊ म्हणाला, "घ्यायचा तर वरचाच घेऊ, रोज रोज थोडाच घेतो?" हे वाक्य मी दर खरेदीत ऐकते आणि दर वेळी सावध होते. घरात माणसे सात, थ्रीडीचे चष्मे मिळणार दोन आणि थ्रीडीत दाखवणारी वाहिनी एकही नाही. चष्मा लावून सातजणांनी आळीपाळीने सिनेमा बघायचा की काय? पुढे २०१६-१७ पर्यंत सॅमसंग, एलजी, सोनी सगळ्यांनीच थ्रीडी काढून टाकले.

राहिला काळ्या रंगाचा फरक. तो खरा होता, मी स्वतः पाहिला. पण तो दिसतो अंधारात. मावशीच्या घरात पुढच्या सोप्याला दोन मोठ्या खिडक्या, दार दिवसभर उघडे आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की सोप्यातला दिवाही लागलाच पाहिजे असा अज्जांचा दंडक. तिथे तो खोल काळा रंग कुणासाठी?

अंतराचेही बघा. साधारण चांगल्या डोळ्याला ५० इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके सुटे दिसतात ते साडेसहा फुटांच्या आतून. सोप्यातली बैठक भिंतीपासून दहा फुटांवर. म्हणजे बारकाव्यांच्या बाबतीत दोन्ही टीव्ही घरच्यांना सारखेच.

इथपर्यंत हिशेब सोपा होता. खरी अडचण होती अज्जांची.

अज्जा म्हणजे काकांचे वडील, तेव्हा ऐंशीच्या पुढचे. सकाळी सहाला कन्नड बातम्या लागायच्या त्या दुपारच्या जेवणापर्यंत. चार वाजता परत तेच. आवाज फार नाही, पण पडद्यावर खाली लाल पट्टी अखंड पळते आहे आणि कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह बसलेले. प्लाझ्माला नेमके हेच सोसत नसे. त्याच्या प्रत्येक बारीक कप्प्यात वायू असतो, विजेने तो पेटतो, त्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांनी रंगाचा लेप उजळतो. जो लेप जास्त उजळला तो लवकर थकतो. एकच चिन्ह एकाच जागी तासन्‌तास राहिले तर त्याची सावली उमटते. आधी तात्पुरती, नंतर कायमची. शिवाय तेव्हाच्या बहुतेक वाहिन्या जुन्या चौकोनी आकारात यायच्या. रुंद पडद्यावर त्या तशाच ठेवल्या तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, पडद्याचा चौथा भाग वाया. ताणून भरल्या तर बातम्या देणारी बाई बुंदीच्या लाडवासारखी गोल.

भावाने यावर तोडगा काढला. अज्जांचा जुना टीव्ही मागच्या खोलीत लावू, तिथे पलंगही आहे. पुढचा टीव्ही फक्त सिनेमा आणि क्रिकेटसाठी. बोलण्यात दुष्टावा काही नव्हता, नव्या वस्तूची काळजीच होती. अज्जांनी नुसते "नोडोण" म्हटले आणि पेपर उघडला. ज्यांच्या घरात कन्नड वडीलधारे आहेत त्यांना ठाऊक असेल, या 'बघू या'त होकार किती आणि माघार किती ते.

मावशी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "सोप्यात येणारा जाणारा असतोय. मामंजी मागं जाऊन बसले तर उद्या त्यांच्याशी बोलायला कोण मागं जाणार आहे? तू जाणार हायस?" भाऊ गप्प. काकाही गप्प, पण ते गप्प राहणे वेगळे होते. त्यांना वडिलांबद्दल बोलायचे होते आणि मुलाचेही मन मोडायचे नव्हते.

मग ठरले ते असे. टीव्ही सोप्यात आणि सोपा अज्जांचा. त्या हिशेबाने मॉडेल निवडायचे. सावली उमटण्याचा धोका दोन्ही टीव्हींना सारखाच. मग ज्याला ओरखडा गेला तर जीव कमी हळहळेल तो घ्यावा, हे माझे मत मी सांगितले. स्वस्तातला घेतला. वाचलेल्या पैशांतून एक चांगला स्टॅबिलायझर, त्या वर्षी नुकतीच निघालेली एचडी डिश आणि अज्जांसाठी हातांची उंच खुर्ची आली. पहिले शे-दोनशे तास चित्राचा भडकपणा कमी ठेवायचा, चौकोनी चित्र थोडे मोठे करून भरायचे आणि दुपारी अज्जा झोपले की कुठला तरी पडदाभर सिनेमा लावायचा, एवढे पथ्य मी लिहून दिले. भावाने ते निगुतीने पाळले. २ एप्रिल २०११ला विश्वचषकाची अंतिम लढत त्याच सोप्यात अर्ध्या गल्लीने पाहिली. अज्जा मधोमध.

सावली उमटली का? उमटली. चार-पाच वर्षांनी पांढरा पडदा आला की वरच्या कोपऱ्यात त्या वाहिनीचे चिन्ह पुसट दिसायचे. २०१७ साली अज्जा गेले, तरी ते दिसत राहिले. भाऊ कधी त्याबद्दल तक्रार करताना ऐकला नाही. २०२१ मध्ये टीव्हीचा वीजपुरवठ्याचा भाग गेला आणि सुटे भाग कुठेच मिळेनात, तेव्हा तो भिंतीवरून उतरला.

आता भावाची मुले मोठी झाली आहेत आणि मध्यंतरी त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी दोन ओलेड, दोन्ही ६५ इंची, दोन्ही फोरके. ओलेडमध्येही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा आणि म्हणूनच सावलीचा धोकाही थोडाफार आहेच. ६५ इंची फोरकेचे ठिपके चार-सव्वाचार फुटांच्या पलीकडून सुटे दिसत नाहीत, तेव्हा ठिपक्यांच्या आकड्यांवर भांडू नये. त्यातला एक होता क्यूडी-ओलेड, २०२२ पासून आलेला प्रकार. रंग फार सुंदर. पण खोलीत समोरून उजेड पडला की त्यातल्या पहिल्या काही वर्षांच्या टीव्हींचा काळा रंग किंचित जांभळट-करडा दिसतो. दिवे मालवून बघणाऱ्याने तो जरूर घ्यावा. भावाच्या सोप्याच्या खिडक्या जिथल्या तिथे आहेत, म्हणून मी त्याला दुसरा सुचवला.

आणि एक सांगते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. ओलेड टीव्ही रिमोटने बंद केल्यावर थोडा वेळ आतल्या आत पडद्याची दुरुस्ती करत असतो. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डावरचे बटण बंद करायची सवय आहे, त्याने ते काम अर्धवट राहते. बटण सुरू ठेवा. गडगडाट सुरू झाला की मात्र खुशाल प्लगच काढा.

काका आता पंच्याहत्तरीला आले. सकाळी सहाला बातम्या लावतात.