गर्भपिशव्या मोजल्या, आता हाडंही तपासा

बीड : ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ महिलांच्या पाहणीतून १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढल्याचं आलं, म्हणजे साधारण सहांत एक. चर्चा थंडावली, पण या बायकांचं वय थांबलेलं नाही.

पिशवीसोबत अंडाशय काढलं की हाडं मजबूत ठेवणारं इस्ट्रोजेन एकदम घटतं. अंडाशय ठेवलं तरी ते लवकर थकू शकतं. हाडं वेळेआधीच ठिसूळ होतात. मग अंगणात पाय घसरला तरी खुबा मोडतो.

ऑपरेशन करून रॉड-स्क्रू बसवतात. पण वाळवी लागलेल्या लाकडात खिळा धरत नाही, तसं ठिसूळ हाडात स्क्रूची पकड सुटू शकते. मग पुन्हा ऑपरेशन. पडून राहिल्यानं पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी, न्यूमोनिया यांचा धोका वेगळाच. सेवेला एक जण घरी राहिला की कोयता मोडतो, उचल मात्र डोक्यावर राहते.

खुबा मोडल्यावर चोळण्यात दिवस घालवू नयेत. ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं. त्यानंतर ठिसूळपणाचं औषध डॉक्टरांना आवर्जून विचारावं. पिशवीच्या ऑपरेशनचा कागद जपावा; अंडाशय काढलं की ठेवलं, ते त्यावरून कळतं.

सरकारनं पिशव्या मोजल्या. त्याच बायकांची हाडं तोडीला जाण्याआधी तपासली, तर पुढचे खुबे वाचतील.