काळजी करणे हा बाईचा स्वभाव नव्हे

सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईचा अर्ज असतो पोटगीचा, मारहाणीचा, नाहीतर घराबाहेर काढल्याचा. बोलता बोलता मध्येच ती सांगते, "ताई, जीव सारखा घाबरतो. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पोरगी शाळेतून जरा उशिरा आली तरी हातपाय गळून जातात." अर्जाच्या छापील रकान्यांत या वाक्याला जागा नसते. ती असायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

काळजी प्रत्येकीलाच असते. मूल तापले, घरभाडे थकले की जीव वरखाली होणारच. कारण मिटले की ती ओसरते. काही जणींची मात्र ओसरत नाही. एक विषय संपला की मन दुसरा शोधते आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, हेच चालू राहते. जोडीला थकवा, चिडचिड, बेचैनी, मान-पाठ आखडणे, झोपमोड, कशात लक्ष न लागणे. वैद्यकशास्त्र याला 'जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर', म्हणजे सततच्या चिंतेचा आजार म्हणते. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव मिळाले. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो सुमारे दुप्पट आढळतो. घरात मात्र त्याचे एकच निदान होते: "तिचा स्वभावच तसा आहे."

ही बाई मानसोपचाराच्या ओपीडीत क्वचितच पोचते. ती दवाखान्यात जाते अशक्तपणासाठी, धडधडीसाठी, नाहीतर अंगावरून पांढरे जाते म्हणून. सलाईन आणि टॉनिक घेऊन परत येते. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सतत थकवा सांगणाऱ्या बायकांच्या थकव्याचा संबंध त्यात हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो लागला मनाच्या अवस्थेशी, गरिबीशी आणि नवऱ्याच्या लैंगिक हिंसेशी. याचा अर्थ रक्त तपासू नये असा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. थायरॉइड वाढले तरी धडधड आणि बेचैनी होते. तपासण्या झाल्याच पाहिजेत; फक्त तिथे थांबू नये.

चळवळीत यावर एक आक्षेप आहे आणि तो बिनबुडाचा नाही. नवरा मारतो म्हणून ती घाबरते, मग आजारी कोण? परिस्थिती बदलायची सोडून बाईला गोळी द्यायची आणि उद्या तोच कागद कोर्टात 'बायको वेडी आहे' म्हणून पुढे यायचा! हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहेच. म्हणून कार्यकर्ती उपचाराचे नाव काढायला कचरते.

पण या कचरण्याची किंमत त्या बाईलाच मोजावी लागते. नुसते निदान घटस्फोटाला पुरत नाही, विकार सोबत राहणे अशक्य व्हावे इतका गंभीर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर आपल्या हातातले हत्यार आहे. समाजाच्या रूढी-नीतीत न बसणे म्हणजे मानसिक आजार नव्हे, हे त्यात लिहिले आहे. सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्यात आहे. हे आपल्याला पाठ असायला हवे.

नवरा खरोखर धमक्या देत असेल, तर तिची भीती ही धोक्याची घंटा आहे. तिथे आधी सुरक्षितता. पण मारहाण थांबली, बाई वेगळी राहू लागली, म्हणून शरीरात मुरलेली धास्ती आपोआप जातेच असे नाही. कारण समाजात असले तरी त्रास तिच्या छातीत आहे, आणि त्यावर उपचार आहे.

तो उपचार आपण नीट समजून घ्यावा. चिंतेचे विचार ओळखून, तपासून, वागण्यात थोडा थोडा बदल करायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत परिणामकारक आहे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. "आठ दिवसांत फरक नाही" म्हणून त्या सोडू नयेत. अल्प्राझोलामचे उलटे आहे. तासाभरात बरे वाटते, म्हणून ती वर्षानुवर्षे घेतली जाते आणि सवय लागते. ती दोन-चार आठवड्यांपुरतीच योग्य. मात्र सवय लागलेल्या बाईने ती एकदम बंद करणे धोक्याचे असते, फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला नाही, ही अडचण खरी आहे. पण गोव्यातल्याच आणखी एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१० साली आले, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना बरे होण्यास मदत केली. म्हणजे हे काम शिकता येते. अशा कार्यकर्त्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असाव्यात, त्यांना पुरेसे मानधन मिळावे, आणि या कामाचा बोजा आशाताईंवर फुकटात टाकला जाऊ नये, ही आपली मागणी असली पाहिजे. तोवर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक केंद्राच्या भिंतीवर लावावा.

आणि पुढच्या बैठकीत आपापल्या अर्जाचा नमुना समोर ठेवू या. झोप लागते का? काळजी आवरता येते का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? एवढे तीन प्रश्न वाढवायला ना निधी लागतो, ना कुणाची परवानगी.