वजन किती भरले, हेही विचारा

माणूस तुरुंगात गेला म्हणजे त्याच्या घरी विचारपूस करायला येणारे काय विचारतात, हे कोयनानगर-पाटणच्या आमच्या वाचकांस सांगणे न लगे. जामीन झाला काय? वकील किती मागतो? पुढली तारीख कधीची? समोरची पार्टी मिटवायला तयार आहे काय? हे सारे प्रश्न रास्तच आहेत. पण या प्रश्नांच्या गर्दीत एक प्रश्न कोणीच विचारीत नाही. तो आत गेला तेव्हा त्याचे वजन किती होते, आणि आज किती आहे?

कोणी म्हणेल, संपादकांस दुसरा विषय सुचला नाही काय? ज्याचे घर उघड्यावर पडले, ज्याच्या वावराची पेर चुकली, त्याच्या पोटाचा घेर मोजत काय बसावयाचे! आमचे म्हणणे असे की, ज्याच्या घरी दुसरी इस्टेट नाही त्याची इस्टेट म्हणजे त्याचे शरीर. सावकाराचा मुलगा तुरुंगातून दुबळा होऊन आला तर तो गादीवर बसून हिशेब लिहील. कुणब्याचा, सुताराचा, लोहाराचा, वडाराचा मुलगा दुबळा होऊन आला तर नांगर कोणी धरायचा आणि घण कोणी मारायचा? कोर्टाने शिक्षा महिन्यांत सांगितली असेल. शरीर मोडले तर ती जन्माची होते, आणि ती एकट्यालाच नव्हे तर साऱ्या घराला भोगावी लागते.

बरे, शिक्षा झालेल्यांचीच ही गोष्ट आहे असेही नाही. 2022 सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसे होती. त्यांत शंभरांमागे सुमारे 76 जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा होता असे. बांधावरून, पाण्यावरून, भाऊबंदकीच्या वाटणीवरून डोकी फुटतात आणि दोन्हीकडची चार-चार तरणी पोरे आत जातात. कोणी मोर्चात धरला जातो. त्यांतले कित्येक पुढे निर्दोष सुटतात. पण तोवर बराकीत वर्ष निघून गेलेले असते आणि वर्षाने अंगाचे काय केले ते अंगावर दिसते.

बराकीत शरीराची खराबी दोन तऱ्हांनी होते. एक झिजून आणि एक सुजून. झिजलेला माणूस सर्वांच्या डोळ्यांत भरतो, सुजलेला भरत नाही. उलट मुलाखतीला गेलेली आई घरी येऊन सांगते, "लेकरू भरलंय अंगानं, आत खायला बरं मिळतंय." माउलीला काय ठाऊक, की ते भरणे मांसाचे नसून चरबीचे आहे! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जे आकडे ठरविले त्यांप्रमाणे 65 किलो वजनाच्या, अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे 3470 कॅलरी लागतात आणि बसून राहणाऱ्यास सुमारे 2110. आपल्या घरच्या भाषेत हा चार-पाच मोठ्या भाकरींचा फरक झाला. डोंगरउतारावर नाचणी-भात पिकविणारा गडी आत गेला की त्याचे काम एका दिवसात थांबते. भूक मात्र नांगराचीच राहते. शिवाय करमणूक कसली ती नाही. जेवण हीच करमणूक. मग पोटाला नको असले तरी मनाला हवे म्हणून माणूस खातो.

त्यातून संध्याकाळचे जेवण दिवसाउजेडीच वाटले जाते आणि सूर्य मावळतो न मावळतो तोच कुलूप लागते. पुढे रात्र मोठी. रात्री आठ-नवाला पोटात कावळे ओरडू लागतात. मग कॅन्टीनमधून घेतलेला फरसाण, बिस्किटे, वेफर यांचा पुडा फुटतो. हा पुडा कोणाच्या पैशाने आला? घरच्या मनीऑर्डरीने! इकडे बायको दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाऊन, पोराचे दूध तोडून पैसे पाठविते, आणि तिकडे त्या पैशाचे तेल, मीठ आणि साखर होऊन नवऱ्याच्या रक्तात जाते. पैसे पाठवू नका असे आम्ही म्हणत नाही. आत साबणही विकतच घ्यावा लागतो. पण पाठविताना स्पष्ट सांगा, की यातून शेंगदाणे घे, गूळ घे, मिळत असेल तर केळे घे. संध्याकाळच्या वाटपातील एक पोळी कपड्यात गुंडाळून रात्रीसाठी ठेव. विडीकाडीला आणि तंबाखूला यातला पैसाही लावू नकोस. एवढे बोलण्याचा हक्क मनीऑर्डर पाठविणारीला आहे, तिने तो बजावावा.

आता व्यायामाचे. आत आखाडा नाही, मुद्गल नाही, अंगाला चोळायला तेल नाही, ही सबब खरी. परंतु जोर, बैठका, सपाट्या आणि सूर्यनमस्कार यांना लागते काय? एक घोंगडी अंथरण्याइतकी जागा. या मुलखातील वस्तादांनी हीच विद्या पोरांना दिली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले, त्यांच्याही अंगाची पायाभरणी असल्याच मेहनतीवर झाली होती. जोतीराव फुले लहुजी वस्तादांच्या तालमीत शिकले, ते काही कोणास पाडण्याच्या हौसेने नव्हे. ज्याला मोठ्यांशी झगडावयाचे त्याने अंग कमवून ठेवावे, ही जुनी समज.

आणि तुरुंगातील शरीराची कथा सातारकरांस परक्याने का सांगावी? 1942 च्या ऑगस्टात आणि सप्टेंबरात कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे गेले. त्यांनंतरच्या दिवसांत या जिल्ह्यातील शेतकऱ्यांची पोरे तुरुंगांत भरली गेली. 1943 च्या जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीच्या तुरुंगातून तट ओलांडून निसटले. दोघे सोबती गोळ्यांना बळी पडले आणि दादांना गोळी लागली. 1944 च्या सप्टेंबरात वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत चढून बाहेर पडले. अण्णा तालमीत घुमलेले गडी होते. महिना-दीड महिना बराकीत पडून ज्याचे हातपाय कुजले त्याला ती भिंत चढता आली असती काय? आजच्या कैद्याने भिंत चढावी असा आमचा सल्ला मुळीच नाही, तुरुंगाधिकाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये! ते राज्य परक्याचे होते आणि ती लढाई निराळी होती. आम्हांस दाखवावयाचे ते इतकेच, की कोठडीत राहूनही अंग तयार ठेवता येते.

दूरदेशीचा दाखला हवा तर दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेलांचा घ्या. गडी मूळचा मुष्टियोद्धा. एकंदर 27 वर्षे कैदेत काढली, त्यांतली 18 रॉबेन बेटावर. तेथील कोठडी इतकी लहान की चार पावले टाकली तर भिंत लागावी. त्या कोठडीत ते आठवड्यातून चार दिवस सकाळी पाऊण तासापर्यंत जागच्या जागी धावत आणि शिवाय बोटांवर शंभर जोर, पन्नास बैठका, पोटाचे दोनशे व्यायाम करीत. चुनखडीच्या खाणीत मजुरी असे ती वेगळीच. माणूस सत्तरी ओलांडून बाहेर आला आणि राष्ट्राचा अध्यक्ष झाला. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे नियम नव्याने बांधले, त्यांना मंडेलांचेच नाव दिले आहे. ज्याला उघड्यावरचे काम नाही अशा प्रत्येक कैद्यास, हवा ठीक असेल तर, रोज निदान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळालाच पाहिजे, असे त्यांत लिहिले आहे.

आपल्या बराकीत तेवढी घोंगडीभर जागा तरी असते का, हा प्रश्न कोणी करील. 2022 साली देशभराचा हिशेब असा होता, की शंभर माणसांच्या जागेत 131 कोंबलेली. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावे लागते. म्हणून व्यायाम पहाटे कुलूप उघडल्यावर पटांगणात करावा. ते न जमेल तर बराकीत पाळी लावून करावा: चौघांनी उठायचे, बाकीच्यांनी पाय आखडून घ्यायचे. एकट्याने केला तर आठ दिवसांत सुटतो. चौघांत केला तर लाजेकाजेस्तव चालतो. पहिल्या दिवशी दहा बैठका पुरेत, दर चार दिवसांनी दोन वाढवाव्यात. तरुणपणी दोनशे मारीत होतो म्हणून आज दोनशे मारायला जाणारा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सापडतो. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरास सांगावे. ज्याला शिक्षा होऊन मजुरी मिळाली आहे, शेती, सुतारी, माग, त्याने ती बिनतक्रार करावी असे आम्ही म्हणतो, कारण त्याचे अंग तरी हलते. खरी कुजणूक कच्च्या कैद्याची. त्याला काम नाही, तारीख नाही, झोप नाही.

झिजणाऱ्याची गोष्ट याहून गंभीर. इंग्रजांनी 1894 साली तुरुंगाचा कायदा केला, तो स्वराज्यातही कित्येक वर्षे चालत राहिला. त्यात असे कलम होते, की मजुरीवरच्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या नोंदपत्रावर लिहावे, आणि एखाद्या कामाने त्याची प्रकृती ढासळते असे डॉक्टराचे मत पडले तर त्याला ते काम देऊ नये. परक्या सरकारला आपल्या बापजाद्यांचा पुळका आला होता असे नव्हे. मजूर झिजला तर मजुरी बुडते, हा त्यांचा हिशेब! ज्याला मजुरीच नाही अशा कच्च्या कैद्याचे नाव त्या कलमात नव्हते, यावरूनच तो हिशेब कळतो. तरी वजन हीच प्रकृतीची पहिली साक्ष, हे त्या सरकारलाही ठाऊक होते.

ही साक्ष कशाची, तर मुख्यतः क्षयाची. कोंदट जागा, दाटी आणि चिंता यांमुळे तुरुंगात क्षयाचे प्रमाण बाहेरच्या मानाने कित्येक पट असते. दोन आठवड्यांवर खोकला, सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि कारणावाचून उतरणारे वजन या चारांपैकी एक दिसले तरी थुंकीची तपासणी मागावी. औषध सरकारी आहे, फुकट आहे आणि पुरे घेतले तर गुण येतो. लाजून लपविलेला क्षय मात्र बराकभर पसरतो आणि सुटल्यावर घरच्या लेकरांपर्यंत येतो.

आता ताटात काय पडते त्याचे. भायखळ्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात 2017 च्या जूनमध्ये दोन अंडी आणि पाच पाव कमी भरल्याची तक्रार झाली, आणि त्यावरून एका बंदिनीला मरेपर्यंत मारहाण झाल्याच्या आरोपावरून सहा तुरुंग-कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दोन अंडी! भटारखान्याची चावी ही आतल्या राज्यात केवढी सत्ता आहे हे यावरून दिसेल. आणि ही चावी कोणत्या जातीच्या हाती असावी, झाडू कोणत्या जातीच्या हाती असावा, हे कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमांत स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे छापलेले होते. एकाने चुलीपाशी बसावे आणि दुसऱ्याने शौचकूप उपसावे, आणि दोघांची प्रकृती सारखी राहावी? 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असली जातवार कामे घटनाबाह्य ठरविली आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. मुंबईच्या एका महिला पत्रकाराने हा अर्ज केला होता. ज्या घरचा माणूस आत आहे त्याने मुलाखतीत हेही विचारावे, की तुला काम कोणते दिले आणि ते का दिले.

तेव्हा कोयनानगराहून साताऱ्यापर्यंत शंभरेक किलोमीटरचा एसटीचा प्रवास करून मुलाखतीला जाणाऱ्या आमच्या बहिणींनो, रडण्यात वेळ थोडा घालवा. आत जाताना वजन किती लिहिले होते आणि आज काट्यावर किती भरले ते विचारा, आणि घरी येऊन दिनदर्शिकेच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी तो आकडा लिहून ठेवा. महिन्यात तीन-चार किलो उतरले असतील तर डॉक्टरी तपासणीचा अर्ज करा. लिहिता येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतील माणसास, मग त्याची मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिलेला आहे.

आणि माणूस सुटून घरी आला म्हणजे भाऊबंदांनी मटण-भाकरीवर एकदम बसवू नये, की पाऊस तोंडाशी आला म्हणून दुसऱ्याच दिवशी औतामागे उभे करू नये. पहिला आठवडा गुरे चारायला न्यावीत, दुसरा पाटाचे पाणी धरावे, हातांना पुन्हा घट्टे पडू लागले की कुदळ घ्यावी, आणि नांगर त्यानंतर.