दोन चॅनेल एक केली, वाचलं कुणाचं?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा मलाबादे चौकात चहाला उभा होतो. टीव्हीचा विषय निघाला. एक यंत्रमागधारक मित्र म्हणाला, "एवढी चॅनेल कशाला पायजेत रं? दोन-दोन एकत्र करून टाका की. त्यांचा खर्च वाचंल, आमच्या डोक्याचा ताप बी वाचंल." सगळे हसले, मीही हसलो. पण गाडीला किक मारली तरी ते डोक्यातून जाईना. कारण त्यानं चेष्टेत सांगितलं ते खरंच झालंय. बीबीसीत झालंय. आणि वेगवेगळ्या नावांनी आपल्याकडंही होत आलंय.

आधी बीबीसीचं सांगतो. त्यांची बातम्यांची दोन चॅनेल होती. एक ब्रिटनच्या लोकांसाठी, १९९७ साली सुरू झालेलं, तिथली जनता दरवर्षी टीव्हीची लायसन्स फी भरते त्या पैशावर चालणारं. दुसरं बाहेरच्या जगासाठी, बीबीसी वर्ल्ड न्यूज, जाहिरातींवर चालणारं. आपल्या केबलवर दिसायचं ते हे दुसरं. जुलै २०२२ मध्ये जाहीर झालं की दोन्हीचं एक करणार, आणि लंडनमधल्या ७० च्या आसपास नोकऱ्या जाणार. ३ एप्रिल २०२३ ला एकच 'बीबीसी न्यूज' सुरू झालं.

पैशाची अडचण खोटी नव्हती हे मान्य. तिथल्या सरकारनं लायसन्स फी दोन वर्षं १५९ पौंडांवर गोठवली होती आणि महागाई तर थांबत नव्हती. शिवाय युक्रेनच्या युद्धाची एकच बातमी एकाच इमारतीतून दोन निवेदकांनी दोनदा वाचायची, यात उधळपट्टी आहे हे कुणीही सांगेल. रात्रीच्या वेळी तर दोन्ही चॅनेलवर आधीपासून एकच प्रसारण असायचं. इथपर्यंत माझं भांडण नाही.

भांडण पुढं आहे. बीबीसीनं ब्रिटिश प्रेक्षकाला शब्द दिला की काळजी करू नका, देशात काही मोठं घडलं तर आम्ही जगाचं प्रसारण बाजूला ठेवून तुमच्यापुरतं वेगळं दाखवू.

मोठं म्हणजे किती मोठं?

सगळी गोम या एका शब्दात आहे बघा. पूर्वी एखाद्या गावातलं हॉस्पिटल बंद पडणार असेल तर ती बातमी देशातल्या बाकीच्या बातम्यांशी स्पर्धा करायची. आता तिला आधी जगाशी झोंबी घ्यायची, मग पडद्यावर जागा. बातमी तीच आहे, गावही तेच आहे, उंबरा तेवढा उंच केला. आणि उंबरा उंच केला हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. पत्रकात लिहिलेलं असतं 'अधिक सक्षम सेवा'.

(जाता जाता: या विलीनीकरणात मुख्य निवेदकांच्या निवडीवरून चार अनुभवी निवेदिका रोजगार न्यायाधिकरणात गेल्या. बीबीसीनं आरोप नाकारले. पण काटकसरीच्या हिशोबात वकिलाची फी कुणी धरत नाही एवढंच म्हणतो.)

आपल्या गावाला हे मागाच्या भाषेत लवकर कळेल. चार माग बघणाऱ्या कामगाराला आठ माग दिले, की पगारपत्रकावर बचत दिसते त्याच आठवड्यात. पण तो आठव्या मागावर असताना पहिल्यावर तार तुटली, तर माग तसाच चालत राहतो आणि कापडात जाळी पडते. ती कुणाला दिसते? मेंडिंगच्या टेबलावर बसलेल्या बाईला, चार दिवसांनी. मालाचा भाव पडतो तेव्हा मालकाला. बातमीच्या धंद्यात तर मेंडिंगचं टेबलच नाही. जी बातमी लागलीच नाही, ती लागली नाही हे कळणार कुणाला?

मला कळतं, कारण मी तिथं होतो. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडं दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं दगावली. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा मी एका मराठी चॅनेलचा स्ट्रिंगर होतो. नाव घेत नाही, तिथली पोरं अजून माझी मित्र आहेत. मुंबईच्या डेस्कवर फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "किती वॉर्डात आहे? पाणी कुठून येतं? तिथं जाऊन उभा राहा, लाइव्ह घेतो." त्याला पंचगंगा माहीत होती, दवाखान्याबाहेरची गर्दी कशी असते माहीत होतं.

काही वर्षांनी त्याच कंपनीनं खर्च कमी करायचा म्हणून हिंदी आणि मराठीचं बातम्या घेणारं डेस्क एक केलं. ते गेलं नोएडाला. त्यानंतर पाण्याच्याच एका आंदोलनाची बातमी घेऊन फोन केला. पहिला प्रश्न, "कितने मरे?" मी म्हटलं, कुणी मेलं नाही, मोर्चा आहे, हजारो बायका घागरी घेऊन आल्यात. दुसरा प्रश्न, "विजुअल में क्या है?" तिसरा प्रश्न नव्हता. वर्षभरात माझ्या बातम्या महिन्याला दोनवर आल्या. मानधन बातमीमागं होतं, त्यामुळं मला कुणी काढलं नाही. काढावंच लागलं नाही.

तो नोएडातला पोरगा वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर काश्मीर होतं, दिल्ली होती, मुंबई होती. त्यात इचलकरंजी कुठं बसवणार? २०११ च्या जनगणनेतच आपली लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या पुढं होती, २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, तरी तिकडं नकाशावर आपण ठिपकासुद्धा नाही.

आणि आपली बातमी सोपीही नाही हो. पाण्याचंच घ्या. वारणेचं पाणी आणायचं ठरलं, तर दानोळी आणि वारणाकाठ विरोधाला उभा राहिला. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना आली, तर कागल-शिरोळकडची गावं उभी राहिली. आपल्याला पाणी पाहिजे हे खरं, आणि उन्हाळ्यात नदी आटली तर आमच्या उसाचं काय ही त्यांची भीतीही खोटी नाही. ही बातमी करायची तर दोन्ही काठांवर चपला झिजवलेला माणूस लागतो, आणि त्याचं ऐकून घेणारं डेस्क लागतं. लांबून बघणाऱ्याला एकच मथळा सुचतो: पानी पर जंग. संपलं.

कुणी म्हणेल, म्हणजे तुला जगाच्या बातम्या नकोत? पाहिजेत की! इचलकरंजीला जगाची बातमी लागत नाही असं म्हणणाऱ्यानं कधी सुताचा दर बघितलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा चौकाचौकात तोच विषय होता. पण एकत्र केलेल्या चॅनेलवर काय दिसतं? ट्रम्पसाहेबांचा चेहरा दिवसभर. त्या शुल्काचा ग्रे कापडाच्या ऑर्डरवर, आणि पर्यायानं कांड्या भरणाऱ्या बाईच्या आठवड्याच्या पगारावर काय परिणाम, हे सांगायला जगही कळणारा आणि गावही कळणारा माणूस लागतो. एकत्रीकरणात पहिला तोच जातो, कारण तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

खासगी कंपन्या सोडा, त्यांचा नफा त्यांच्यापाशी. आपल्या पैशावर चालतात त्यांचं बघू. २०२१ मध्ये लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही मिळून संसद टीव्ही झालं. अधिवेशनात दोन्ही सभागृहांचं कामकाज वेगवेगळं दिसतं, तेवढं ठीक. पण श्याम बेनेगलांकडून 'संविधान' मालिका करून घेणारं राज्यसभा टीव्ही आता नावालाही राहिलं नाही.

आणि रेडिओ? जून २०२३ मध्ये प्रसार भारतीनं पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथल्या बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरवलं. पुरेसे अधिकारी नाहीत असं कारण पुढं आलं. म्हणजे आधी जागा भरायच्या नाहीत, मग माणूस नाही म्हणून दुकान बंद करायचं. पुणेकरांनी आवाज उठवला, बातम्या छापून आल्या, राजकारणी मंडळी बोलली, आणि तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. चांगलं झालं. पण पुण्याकडं आरडाओरडा करायला वर्तमानपत्रं होती, दिल्लीत फोन लावणारी माणसं होती. आपल्या भागातलं असं काही बंद झालं तर कुठल्या पानावर छापून येणार?

त्यामुळं चौकातल्या मित्राला माझं उत्तर असं आहे. चॅनेल कमी करा, माझी ना नाही. स्टुडिओ एक करा, निवेदक एक करा, ते काचेचं टेबल आणि मागची मोठी स्क्रीन तर विकूनच टाका. पण फोन उचलणारा माणूस त्या त्या भागातला ठेवा, आणि तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागं चिल्लर न देता महिन्याचा पगार द्या. बचत करायची तर वरून करा. दरवेळी कात्री खालीच का लागते?

आणि एक काम तुमच्याकडं. कॉमेंटमध्ये तुमच्या भागाचं नाव आणि नळाला किती दिवसांनी पाणी येतं, एवढंच लिहा. राजकारण नको, नेत्यांची नावं नकोत, शिव्या तर अजिबात नकोत. मी वहीत यादी करतोय. आमच्या गल्लीत आज पाचवा दिवस आहे.