वाचनालयाची खोली खाली करायला सांगणाऱ्यांना ग्रामसभेत जाब विचारा!

तालुक्यातील वाचक, वर्गणीदार, आजी-माजी पदाधिकारी आणि ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

आपल्याच तालुक्यातल्या एका गावात गेल्या आठवड्यात जे घडलं ते तुमच्या कानावर आलं असेलच. ग्रामपंचायतीने वाचनालयाला सात दिवसांत खोली खाली करण्याची नोटीस दिली. कारण एका ओळीचं: शासकीय कामासाठी जागा हवी. आठव्या दिवशी कपाटं व्हरांड्यात आली. पुस्तकं खताच्या रिकाम्या गोण्यांत भरून ट्रॉलीने देवळाच्या ओवरीत टाकली आणि रात्री पाऊस झोडपून गेला. विश्वकोशाचे खंड फुगून एकमेकांना चिकटले. ग्रंथांच्या दाखलनोंद वहीची शाई उतरली. ती वही वाचता येत नसेल तर तपासणीत पुस्तक असून नसल्यासारखंच, हे ग्रंथपालांना वेगळं सांगायला नको.

ती खोली कुणी मेहेरबानीने दिलेली नव्हती. वीट वर्गणीची, हात गावचे. फक्त कागदोपत्री सोय म्हणून ती ग्रामपंचायतीच्या नावावर लावली गेली. त्या सोयीचा आज असा उपयोग होतो आहे. आणि हे एका गावापुरतं आहे असं समजू नका. शेजारच्या गावात समाजमंदिराचा अर्धा भाग वाचनालयाचा, पण निवडणूक आली की मतदान यंत्रांसाठी, लग्नसराईत जेवणावळीसाठी कुलूप काढून घेतलं जातं. तिसऱ्या ठिकाणी छत गळतं म्हणून वर्तमानपत्रांचं टेबल दरवर्षी जूनमध्ये दाराशी सरकतं.

शासनाचं धोरण तरी काय? महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ सालीच केला होता. वारसा एवढा मोठा, आणि 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं परिरक्षण अनुदान ठरलं वर्षाला ४८ हजार रुपये! तेही २०२२ मध्ये ६० टक्के वाढ दिल्यावर. त्याआधी दहा वर्षं ३० हजारांवरच भागवलं. यातली निम्मी रक्कम पगाराला. म्हणजे महिन्याला दोन हजार. रोजगार हमीवर याहून जास्त मिळतं. उरलेल्या दोन हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, झाडलोट, हिशेबतपासणी आणि गळकं छतही. ग्रंथालयांच्या २०१२ च्या पडताळणीनंतर दशकभर दर्जोन्नती अडवून ठेवली. 'ड'चा 'क' व्हायचा कसा? तपासणीला आलेले साहेब मात्र शेऱ्यात लिहून जातात, 'जागा अपुरी'. जागा काढून घ्यायची एका खात्याने आणि अपुरी म्हणायचं दुसऱ्याने!

इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदत मिळू शकते, हे सगळे सांगतात. मिळते, पण जागा नावावर हवी आणि आपला हिस्साही उभा करायचा. इथेच आपलं घोडं पेंड खातं. तमिळनाडू, कर्नाटकात ग्रंथालयांसाठी उपकर आहे. आपल्याकडे नाही. भिलारला २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, आनंदच आहे. बाकीच्या गावांनी काय पाप केलं होतं?

काहीजण म्हणतात, मोबाईलच्या जमान्यात वाचनालय कशाला. त्यांनी संध्याकाळी सातनंतर येऊन पाहावं. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची पोरं मांडीला मांडी लावून बसलेली असतात, कारण घरी दोन खोल्यांत टीव्ही चालू असतो. दुसरा आक्षेप बोगस वाचनालयांचा. असतील ती खुशाल बंद करा, आम्ही नावं घेऊन दाखवू. यापेक्षा जास्त उत्तर या आक्षेपांना द्यायची गरज नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. यात्रेच्या डीजेला एका संध्याकाळी वर्गणी गोळा होते, आणि वाचनालयाची वार्षिक वर्गणी मागायला गेलं की 'पुढच्या महिन्यात बघू'. दिवाळी अंक सर्वांत आधी हवा, परत मात्र होळीला! याच वृत्तीमुळे सात दिवसांची नोटीस काढायची हिंमत होते. कार्यकर्त्यांनी मात्र घरून सतरंज्या आणून व्याख्यानमाला चालवल्या, महापुरात कपाटं डोक्यावरून हलवली. तालुक्यातल्या एकाही वाचनालयाचं दार आम्ही आजवर कायमचं बंद होऊ दिलेलं नाही.

तेव्हा ताबडतोब पुढील कामं करा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा आणि खोलीसमोर कुणाचं नाव आहे ते पाहा. बांधकामाच्या वेळचा ठराव, वर्गणीच्या पावत्या, उद्घाटनाचे फोटो शोधा. जुन्या प्रोसिडिंगची नक्कल लेखी अर्ज देऊनच मागा, तोंडी नको. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत विश्वस्तांची नावं वीस वर्षांपूर्वीची असतील तर बदल अर्ज आधी दाखल करा, नाहीतर तुमची सही कुणी मानणार नाही. वीजबिल व्यापारी दराने येत असेल तर सार्वजनिक सेवेच्या वर्गवारीसाठी अर्ज द्या. कुठल्याही नोटिशीवर एकट्याने सही करू नका आणि चावी देऊ नका.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन आहे. त्या दिवशी ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घातले जातील. आपण त्याच दिवशी सकाळी अकराला तहसील कचेरीसमोर जमून निवेदन द्यायचं आहे. मागण्या तीनच: पर्यायी जागा दिल्याशिवाय मान्यताप्राप्त वाचनालय हलवू नये, लोकवर्गणीच्या खोल्यांवर वाचनालयाचा हक्क नोंदवावा, आणि दुरुस्तीसाठी परिरक्षण अनुदानाबाहेर वेगळी तरतूद करावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने हाच ठराव मांडायचा. विषयपत्रिकेत यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे पत्र आजच द्या आणि पोच घ्या.

येताना भिजलेलं एखादं पुस्तक असेल तर तेही आणा. तहसीलदार साहेबांच्या टेबलावर ठेवायचं आहे. भाषणं होणार नाहीत. छत्री आणि डबा आपापला.

आपले,
तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे कार्यकर्ते